कढयांचा दरवाजा

फार मागे वेत्रवती नगरीत दृढवर्मा राजा गादीवर होता, आणि त्या जन्मी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. राजा दुष्ट नव्हता, हट्टी होता. दुष्टाला निदान टाळता येतं. हट्टी माणसाचं ऐकत बसावं लागतं.

त्याच्या मनात आलं, वेशीला अख्खा लोखंडाचा दरवाजा पाहिजे. खाणीतलं लोखंड पुरेना, तेव्हा त्याने दवंडी पिटवली: घरातल्या लोखंडी कढया, तवे, पळ्या आणून द्या आणि बदल्यात कल्हई केलेली तांब्याची भांडी घेऊन जा. लोक खूश झाले. लोखंडी कढईत आंबट भाजी काळी पडते, पाहुण्यांपुढे लाज वाटते. नव्या भांड्यात ती हिरवी राहायची. सगळं लोखंड भट्टीत गेलं आणि दरवाजा उभा राहिला. हत्तीने धडक दिली असती तर हत्तीच खाली बसला असता.

वर्ष सरता सरता माणसं फिकी पडू लागली. जिना चढताना धाप लागे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई. राणी सुमेधा पोटुशी होती; तिची नखं पार पांढरी झाली होती. राजवैद्य म्हणाले, "अशीच राहिली तर बाळंतपण झेपायचं नाही." मग त्यांनी कुठूनसा एक लोखंडी खिळा शोधून तिच्या उशाखाली ठेवला.

"उशाखाली ठेवून काय होणार?" बोधिसत्त्वाने विचारलं.

"चाल आहे तशी, अमात्य."

"असेल. पण आजारी उशी नाही, राणी आहे."

एका सकाळी पहारेकऱ्यांना दरवाजा उघडेना. साखळ्या धरून सगळे ओढू लागले. सैनिक आले. राजपुरोहितही धोतर खोचून लागले. दरवाजा ढिम्म.

बाहेर दूध घेऊन आलेल्या गवळणी खोळंबल्या होत्या. त्यांच्यातली म्हातारी काळिंदी ओरडली, "मेले का रे सगळे? दूध नासतंय इथे."

"हलत नाही, आजी."

"मग सरका मागे."

म्हातारीने आणि तिच्या सुनांनी खांदा लावला. दरवाजा असा आत आला की साखळी धरलेले राजपुरोहित उताणे पडले. वर्षभरात नगर पहिल्यांदा पोट धरून हसलं. राजा मात्र हसला नाही. त्याने अमात्याला बाजूला घेतलं.

"म्हातारीने चेटूक केलं असं सांग. माझी लाज राहील. तुला एक गाव इनाम देतो."

"गाव राहू द्या, महाराज. आधी मी तिच्याकडे जेवून येतो."

काळिंदी वेशीबाहेर राहायची, म्हणून दवंडी तिच्यापर्यंत पोचली नव्हती. तिने आंबट चुक्याची पालेभाजी वाढली, काळी मिचकूट.

"आमच्याकडे अशीच असते. वाड्यावरच्या जिभेला चालत नसेल तर दूधभात खा."

बोधिसत्त्वाने भाजी पाहिली, चुलीवरची लोखंडी कढई पाहिली, सुनांचे तांबूस गाल पाहिले, आणि आणखी भाजी मागितली.

मग त्याने भर दरबारात सांगितलं, "महाराज, चेटूक कुणी केलेलं नाही. ज्या काळेपणाची आपल्याला लाज वाटली, ते कढईचं लोखंड होतं. आंबट भाजी ते उतरवून घ्यायची आणि आपल्या रक्तात नेऊन घालायची. ते रक्तातलं लोखंड तुम्ही वेशीला टांगलंत. दरवाजा वितळवा."

"आणि शत्रू आला तर?"

"त्याच्याशी लढणार कोण? हे? यांना दरवाजा उघडत नाही."

राजाचा चेहरा तापला. पण पडद्याआड बसलेल्या राणीला धाप लागलेली त्याला ऐकू आली. तो म्हणाला, "पहिली कढई तिच्यासाठी करा."

वेशीला साधा लाकडी दरवाजा लागला. लोहारांचे घण दिवसभर वाजत राहिले. घरोघर चुका शिजला, कढी उकळली, आणि आता कुणाची भाजी जास्त काळी यावरून शेजारणींत चुरस लागली. दिवस भरेपर्यंत राणीच्या नखांवर गुलाबी रंग आला होता. मुलगी झाली. ती अशी रडली की वेशीबाहेर काळिंदीच्या गाईंनी माना वर केल्या.

जेतवनातल्या विहारात भिक्षूंना ही कथा सांगून झाल्यावर शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, आज भिक्षेतली काळी भाजी ज्याने नाक मुरडून बाजूला सारली, तोच तेव्हाचा राजा. ती वाढणारी उपासिका म्हणजे काळिंदी. या उपासिकेची धाकटी मुलगी तेव्हाची राणी होती, आणि अमात्य मी होतो. गाव मिळत असतानाही खोटं न बोलणं, हीच सत्यपारमिता, सत्याची पराकाष्ठा."

त्या भिक्षूने पात्र पुन्हा जवळ ओढलं. भाजी गार झाली होती. त्याने पात्र पुसून खाल्ली.