डोमाजीचा गार पाळणा

वर्ध्याच्या पलीकडं एका गावात डोमाजी नावाचा एक भोळा पानठेलेवाला होता. भोळा म्हणजे किती भोळा? सांगितलं तर म्हणाल, हा वाढवून सांगतो. मी कशाला वाढवू? डोमाजीनं वाढवायला जागाच ठेवली नाही.

उन्हाळ्यात दुपारी पानठेला बंद असायचा. तेव्हा डोमाजी सुतारकाम करायचा. कोणी करायला लावलं नव्हतं, हौस होती. एक स्टूल केलं होतं, त्याच्या चार पायांपैकी तीन जमिनीला टेकायचे. पण हात वाईट नव्हता बरं का त्याचा. डोकं मधेमधे यायचं, एवढंच.

त्या वर्षी भर वैशाखात त्याची लेक शेवंता माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. आता, शेवंता तान्ही होती तेव्हाही डोमाजीनं तिच्यासाठी पाळणा करायला घेतला होता. तो काही झाला नाही आणि शेवंता शाळेत जायला लागली. बिचारी साडीच्या झोळीतच निजून मोठी झाली. डोमाजीची बायको गिरजाबाई हे विसरली नव्हती.

"बाराव्या दिवशी बारसं आहे," ती म्हणाली. "विहीणबाई येणार. पाळणा झाला नसेल तर आमचा लोखंडी आणते म्हणाल्या. ऐकताना कसंसंच झालं मला. काही करा, पण ह्या खेपेला नात तुमच्याच पाळण्यात निजली पाहिजे."

"निजेल," डोमाजी म्हणाला. सागाच्या फळ्या काढल्या, करवत घेतली आणि ऐन दुपारी अंगणात जाऊन बसला.

अर्ध्या तासात भोवळ येऊन आडवा झाला. गिरजाबाईनं डोक्यावर पाणी ओतलं, कैरीचं पन्हं पाजलं.

"ह्या उन्हात कोणी काम करतं का, बाप्पा? सावलीत बसा. आणि काही झालं तरी सावली सोडू नका."

"हे आधी सांगायचं ना!" डोमाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सावली शोधत बाहेर आला. शेजाऱ्यांची म्हैस रस्त्यात उभी होती. सावली चांगली ऐसपैस होती. डोमाजी फळी घेऊन तिच्या बाजूला बसला आणि रंधा मारू लागला. थोड्या वेळानं म्हैस निघाली. डोमाजीही फळी डोक्यावर घेऊन निघाला. म्हैस थांबली की हा बसायचा, दोन हात रंधा मारायचा. म्हैस चालली की हा चालायचा.

"काय डोमाजी, कुठं?" लोक विचारायचे.

"मला काय माहीत? तिला विचारा."

म्हैस तलावात शिरली. हाही शिरला. म्हैस गळ्यापर्यंत पाण्यात बसली. आता सावली कुठली? पण सोडायची नाही म्हटलं होतं ना. दिवस मावळेपर्यंत डोमाजी फळी धरून पाण्यात उभा होता.

ओला डोमाजी आणि ओली फळी घरी आली तेव्हा गिरजाबाईनं कपाळावर हात मारला.

"अहो, हलणाऱ्या वस्तूचा काही भरवसा असतो का? हलतं ते आधी दोरीनं बांधून टाकायचं, मग कामाला बसायचं."

"हे आधी सांगायचं ना!"

मग तिनं त्याला मागच्या पडवीत बसवलं. समोर टेबलफॅन लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेली. तासाभरानं ताक घेऊन येते तर काय, डोमाजी घामानं निथळतोय, पंखा नुसता घुं घुं करतोय आणि पडवीत जळका वास सुटलाय. पंख्याच्या पात्यांना सुंभाची दोरी होती. चांगले सात-आठ वेढे होते.

"पंखा काऊन बांधला?"

"हलत होता."

गिरजाबाईनं बटण बंद केलं. पण पंख्यात आता राम राहिला नव्हता. "अहो देवा! वाऱ्याला कोणी अडवतं का? वारा मोकळा पाहिजे. त्याच्या आड जे येईल ते काढून टाकायचं!"

"हे आधी सांगायचं ना!"

गिरजाबाई शहाणी बाई. पण तिचाही एक दोष होता. ती सांगणं काही सोडत नव्हती.

तिनं शेजारून कूलर मागून आणला. तीन बाजूंना वाळ्याच्या नव्या ताट्या बसवल्या, टाकीत पाणी भरलं. कूलर सुरू झाला आणि पडवीत असा थंडगार सुगंध पसरला की डोमाजी खूश. मग त्यानं कूलरच्या भोवती एक चक्कर मारली. बघतो तर तिन्ही बाजूंनी वाऱ्याच्या आड गवत. त्यानं तिन्ही ताट्या उपसल्या आणि म्हशीपुढं टाकल्या. म्हशीनं त्या आवडीनं खाल्ल्या. कूलर आता बाहेरची लू आत फेकू लागला. डोमाजीचं तोंड भाजून निघालं, तरी तो म्हणत होता, "वारा मात्र मोकळा आहे."

शेजारीण आली, ताट्या कुठं आहेत विचारू लागली, तेव्हा गिरजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती घरात येऊन ओरडली, "ताट्या काढायच्या नसतात, भिजवायच्या असतात! उन्हाळ्यात तापलेलं दिसलं की पाणी मारायचं. हात आखडायचा नाही!"

"हे आधी सांगायचं ना!"

बारसं उद्यावर आलं. फळ्या कापून झाल्या होत्या, कठडे तासून झाले होते. आता सांधे जोडायचे. त्याला सरस लागतो. तो चुलीवर पातळ करून गरमागरम लावायचा असतो. डोमाजीनं तो नीट लावला. सांधे बसले. पाळणा उभा राहिला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्याला सरसातून वाफ निघताना दिसली. तापलेलं दिसलं म्हटल्यावर काय, त्यानं बादली उचलली आणि ओतली. हात आखडला नाही. पाळणा चारी दिशांना पसरला.

ह्या वेळी गिरजाबाई ओरडली नाही. ती फळ्यांशेजारी बसली आणि रडायला लागली. डोमाजीला गलबलून आलं.

"रडू नको, शेवंताची माय," तो म्हणाला. "शेवंताला झोळीत निजवलं ते मलाही सलतं."

तिनं डोळे पुसले, पदर खोचला. फळ्या पुसून वाळवल्या, आणि मग ती 'धरा' म्हणाली की तो धरायचा, 'ठोका' म्हणाली की ठोकायचा, 'थांबा' म्हणाली की थांबायचा. संध्याकाळी पाळणा तयार झाला. चारी कोपऱ्यांवर चार लाकडी पोपट. खरंच सुरेख झाला होता हो. शेवंतानं बाळाला मांडीवर घेऊन एकेका पोपटावरून हात फिरवला.

"आता ह्याला हात लावू नका," गिरजाबाई म्हणाली. "नातीला गार वारा लागतो की नाही, तेवढंच बघा."

"बघतो," डोमाजी म्हणाला.

बारशाला घर बायकांनी भरलं. विहीणबाई आल्या, पाळणा निरखला. "बरा केलाय," म्हणाल्या आणि डोमाजीनं मांडलेल्या नव्या पाटावर बसल्या. आपल्याकडं बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात. त्याला टोपडं घालतात, दुपट्यात गुंडाळतात, बाळासारखा नटवतात. गिरजाबाईनं तसा तो नटवला आणि पाळण्यातल्या गोधडीवर ठेवला. वरवंटा गोधडीसकट आरपार खाली आला, धाडकन आपटला, गडगडत गेला आणि विहीणबाईंच्या अंगठ्याला लागून थांबला.

सगळ्या वाकून पाळण्याखाली बघू लागल्या.

"पाळण्याचा तळ कुठं आहे?" गिरजाबाईनं विचारलं.

"वाऱ्याच्या आड येत होता. काढून टाकला."

"फळी कुठं टाकली?"

"टाकली कशाला? विहीणबाई बसल्या आहेत ना तिच्यावर."

विहीणबाई उठल्या. "लोखंडी आणायचा का?" एवढंच त्यांनी विचारलं. "नको, नको," म्हणत गिरजाबाईनं स्वतः फळी बसवली, खिळे ठोकले, हलवून हलवून बघितलं. वरवंट्याचं टोपडं सारखं करून त्याला पुन्हा पाळण्यात ठेवलं. ह्या खेपेला तो टिकला. बायका हसल्या. शेवंता हसली. विहीणबाईंनीही बाळ हातावर घेतलं. गिरजाबाई समाधानानं घुगऱ्या आणायला मागं गेली.

ती दोन मिनिटंच गेली होती.

बायका पाळण्याभोवती जमून गाऊ लागल्या. डोमाजीनं बघितलं तर खिडकीतून येणारा वारा बायकांच्या पाठीवरच अडत होता. पाळण्यापर्यंत झुळूकसुद्धा नाही. आड येईल ते काढून टाकायचं.

"चला, चला, बाहेर चला," तो म्हणाला. बायकांना वाटलं, इकडं अशीच रीत असेल. एकेक बाहेर गेली. शेवंता गेली. विहीणबाई बाळाला घेऊन गेल्या. डोमाजीनं आतून कडी लावली.

गिरजाबाई परात घेऊन येते तर सगळं बारसं भर दुपारी अंगणात उभं. विहीणबाईंच्या हातावर बाळ टाहो फोडत होतं. तिनं धावत जाऊन दार बडवलं.

"अहो, आत काय करून राहिले?"

"हळू बोल," आतून डोमाजी म्हणाला. पाळण्याच्या कड्या कुरकुरत होत्या. "नात निजली. माझ्याच पाळण्यात निजली, शेवंताची माय!"

बाळ आणखी जोरानं रडलं.

"आणि बाहेर कोणाचं लेकरू रडतंय? एवढ्या उन्हात आणतात का? आपली बघ, घामाचा एक थेंब नाही. हात लावला तर कशी गार लागते. वजनही चांगलं भरलंय. नाक तेवढं अजून आलं नाही."