नवख्याचा तुरा

पळस फुलले की ज्या जंगलात सगळे हातातली कामं टाकून खेळायला धावत, अशा एका जंगलात एक म्हातारं अस्वल राहत असे. खेळ होता चेंडूफळीचा. वाळलेलं कवठ हा चेंडू आणि सागाचा दांडा ही फळी. कवठ दूर टोलवायचं आणि कुणी ते परत आणायच्या आत पळस, मोह आणि ऐन या तीन झाडांना शिवून पुन्हा सुरुवातीच्या टेंभुर्णीच्या झाडापाशी यायचं, की एक फेरी पूर्ण झाली. ओढ्याच्या अलीकडचे एका बाजूला, पलीकडचे दुसऱ्या बाजूला. मोहाची फुलं गळून संपेपर्यंत हा खेळ रोज चाले.

तरुणपणी अस्वलानेही फळी गाजवली होती. आता त्याचे गुडघे बोलू लागले होते. मुलांनो, ज्याला खेळता येत नाही त्याने खेळ बघावा आणि मोकळ्या मनाने शाबासकी द्यावी. पण अस्वल, कोल्हा आणि साळिंदर या तिघांचं तेवढ्याने भागेना. त्यांनी एक नवीनच खेळ काढला होता. पळस फुलले की हे तिघे मैदानापासून दूर एका खडकावर बसत आणि खेळणाऱ्यांपैकी एकेकाला पाळीपाळीने आपापल्या ‘मनातल्या संघात’ घेत. मैदानावर एकमेकांविरुद्ध खेळणारे ससा आणि भेकर कोल्ह्याच्या मनात मात्र एकाच संघात असत. त्या बिचाऱ्यांना याचा पत्ताही नसे. मैदानावर कुणाची फेरी पूर्ण झाली की कावळा उडत येऊन सांगे, आणि ज्याने त्याला निवडलं असेल त्याच्या ढिगात एक खडा पडे. उंटावरून शेळ्या हाकणारे तुम्ही ऐकले असतील; हे खडकावरून हरणं पळवत होते.

मोसमाच्या शेवटी या तिघांत एक मान दिला जाई, नवख्याचा तुरा. त्या वर्षी पहिल्यांदाच खेळायला उतरलेल्यांत ज्याच्या फेऱ्या सर्वांत जास्त, त्याच्या नावाने मोराचं एक पीस. आता तो नवखा काही खडकावर नसे. म्हणून ते पीस ज्याने त्याला निवडलं त्याच्याच कानामागे खोवायचं, अशी रीत पडली होती. पळणारा एक आणि मिरवणारा दुसराच, यात काही चुकतंय असं तिघांपैकी एकालाही कधी वाटलं नाही.

अस्वलाच्या कानाला मात्र ते पीस कधी लागलं नव्हतं. कोल्हा दरवर्षी म्हणे, “अस्वलदादा, तुम्ही आपले मध खात बसा. पारख करणं हे काही तुमचं काम नव्हे.” साळिंदराचे काटे हसल्यासारखे खुळखुळत. अस्वल वरवर हसे, पण घरी गेल्यावर त्याला घास गोड लागत नसे.

यंदा त्याने चितळाचं एक किडकिडीत पाडस निवडलं. “हे?” कोल्हा म्हणाला. “फळीपेक्षा याचे पाय बारीक आहेत.” पण त्या पाडसाने पहिल्याच दिवशी कवठ असं टोलवलं की ते थेट ओढ्यापलीकडे गेलं. रोज फेऱ्या वाढत गेल्या. खडकावर अस्वलाचा ढीग उंच होऊ लागला, तसं अस्वलाचं बोलणंही उंच झालं. ‘माझं पाडस’, ‘माझी फेरी’, ‘आज मी कसा पळालो ऐकलंत का?’ असं ते सर्रास म्हणू लागलं. पाडसाशी मात्र ते एकदाही बोललं नव्हतं.

कोल्ह्याने निवडलेलं वानराचं पोरही काही कमी नव्हतं. शेवटचा दिवस तोंडावर आला तेव्हा दोघांच्या फेऱ्या सारख्याच होत्या.

आदल्या दिवशी खेळ संपल्यावर अस्वल पाणी प्यायला ओढ्यावर गेलं. चितळांचा कळप पाणी पिऊन निघून गेला होता. पाडस एकटंच मागे राहिलं होतं. त्याने मागचा एक पाय थंड पाण्यात बुडवून धरला होता. पाय बाहेर काढल्यावर त्याने खुराचं फक्त टोक टेकवलं आणि पुन्हा उचललं. घोट्याजवळ सूज होती. अस्वलाने जन्मभर पळणारे पाय बघितले होते. हा पाय उद्या पळता कामा नये, हे त्याला एका नजरेत कळलं.

तेवढ्यात पाडसाने मान वर केली. दोघांची नजरानजर झाली. पाडस त्याच्याकडे बघत राहिलं.

अस्वलाला आपले तरुणपणीचे दिवस आठवले. एकदा पंजात खोल काटा मोडलेला असताना ते तसंच खेळायला उभं राहिलं होतं. तेव्हा मैदानाच्या कडेने एका म्हाताऱ्या गव्याने सगळ्यांदेखत हाक मारली होती, “ए पोरा, फळी ठेव! आधी तो काटा काढ!” केवढा राग आला होता त्या गव्याचा! अख्खा मोसम बाहेर बसावं लागलं होतं. पण आज ज्या पंजावर ते उभं होतं, तो पंजा त्या हाकेमुळेच शाबूत होता.

हाक अस्वलाच्याही ओठांवर आली. पण त्याच वेळी ते पीस डोळ्यांसमोर आलं आणि कोल्ह्याचं पडलेलं तोंडही. ‘उद्याचा एकच तर दिवस,’ ते मनाशी म्हणालं. ‘पुढे वर्षभर विश्रांतीच आहे की. आणि मी कोण सांगणारा? त्याची आई आहे, कळप आहे.’ घटकेपूर्वीपर्यंत माझं माझं म्हणून मिरवलेलं पाडस असं एकाएकी परक्याचं झालं. अस्वल पाणी प्यायलं आणि पाठ फिरवून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी खडकावर तिघे कान टवकारून बसले होते. वानराचं पोर लवकरच बाद झालं. मग मैदानाकडून मोठा गलका ऐकू आला, आणि एकाएकी सगळं शांत झालं. कावळा आला तो धापा टाकतच.

“पाडसाची फेरी पूर्ण!” तो म्हणाला.

“जिंकलो!” अस्वल ओरडलं आणि गुडघे विसरून नाचू लागलं. कोल्ह्याने तोंड वाकडं करत मोराचं पीस त्याच्या कानामागे खोवलं. साळिंदराने काटे वाजवले.

“फेरी पूर्ण झाली खरी,” कावळा जरा थांबून म्हणाला, “पण ऐनाच्या झाडापाशीच त्याचा पाय मोडला. तिथून ते तीन पायांवर फरफटत टेंभुर्णीपर्यंत आलं. अजून तिथेच पडलंय.”

अस्वलाचे पाय जागच्या जागी थबकले. ते खडकावरून कसं उतरलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

टेंभुर्णीखाली पाडस पडलं होतं आणि त्याची आई त्याचा पाय चाटत होती. बाकीचा कळप अस्वस्थ होऊन दूर उभा होता, कारण ऊन उतरलं की वाघ उठतो आणि कळपाला एकाच जागी थांबून चालत नाही. अस्वलाने कानामागचं पीस काढून हळूच पाडसासमोर ठेवलं.

“हे काय, आजोबा?” पाडसाने विचारलं.

“हा तुझा तुरा आहे. यंदाच्या नवख्यांत तू पहिला आलास.” अस्वल म्हणालं. “तू माझ्या संघात होतास, बाळा. पहिल्या दिवसापासून.”

“तुमच्या संघात?” पाडसाला नवल वाटलं. मग त्याला आठवलं. “काल ओढ्यावर तुम्हीच होतात ना? तुम्ही माझा पाय बघितलात. पहिल्याच वर्षी दुखतंय म्हणून बाहेर बसलो, तर पुन्हा कोण खेळायला घेणार, म्हणून मी कुणाला सांगत नव्हतो. पण तुमच्याकडे बघून मला वाटलं, हे आजोबा आता हाक मारतील. मी कितीतरी वेळ तिथेच उभा होतो, आजोबा.”

अस्वलाने मान खाली घातली आणि ते रडलं. कळप निघून गेला. पाडसाची आई थांबली, आणि गवतातून येणाऱ्या वाटेवर अस्वल पाय रोवून बसलं. त्या दिवशी वाघ आला, पण अस्वलाची गुरगुर ऐकून परत फिरला. त्यानंतरही कित्येक दिवस अस्वल तिथून हललं नाही.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. ते चितळ पुन्हा कधी धावलं नाही.

पुढच्या वर्षी पळस फुलले. कोल्ह्याने खडकावरून अस्वलाला किती हाका मारल्या, पण अस्वल गेलं नाही. ते मैदानाच्या कडेला उभं होतं आणि लंगडं चितळ त्याच्या शेजारी होतं. फळी घेऊन उभ्या राहिलेल्या एका सशाचं पाऊल किंचित अडखळलं, तशी अस्वलाने सगळ्यांदेखत हाक मारली, “ए पोरा, फळी ठेव! आधी तो पाय दाखव!”

सशाचे कान रागाने ताठ झाले. “हे म्हातारं कोण मला थांबवणारं?” तो पुटपुटला.

अस्वल क्षणभर ओशाळलं. तेव्हा लंगडं चितळ त्याला हळूच म्हणालं, “रागावू दे, आजोबा. तुम्ही हाक मारा.”

तात्पर्य : ज्याच्या यशाला आपण ‘माझं’ म्हणतो, त्याचं दुखणंही आपलंच असतं; ते दिसत असून जो गप्प राहतो, त्याने त्या यशाचा तुरा मिरवू नये.