घाबरट दोरा आणि बाळाचं टोपडं

शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. माझे शब्दही साधेच आहेत.

फार वर्षांपूर्वी एका घाबरट दोऱ्याचं टोपडं विणायला घेतलं होतं. त्याने सुरुवातीलाच घट्ट गाठ मारून घेतली, त्यामुळे टोपड्याच्या मधोमध, टाळूवर येणारं भोक मिटेना आणि सगळं उसवावं लागलं. उद्या बाळाचं बारसं. पुन्हा भोक राहिलं तर बाळाच्या टाळूला वारा लागेल, या काळजीने त्याला पीळ पडत होते.

"गाठ नको, सैल वेढा घे," क्रोशाची सुई म्हणाली.

"सुईताई, मी सुटेन हो."

"भित्रा कुठला. वेढ्यावर टाके बसू दे, ते धरतील तुला. मग तुझं मोकळं टोक, ते शेपूट, ओढ."

त्याने भीत भीत वेढा घेतला. टाके बसले, आणि शेपूट ओढताच भोक मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा सुटला, तेव्हा टाळूवरच्या दोऱ्याने, सुटलो की काय म्हणून, स्वतःला चाचपलं नाही. बाळ झोपलंय ना, एवढंच पाहिलं.