ताम्रसेन महाराजांचा हिरवा शेला

एका राज्यात, पडद्याआड बोललेलं पडद्याबाहेर स्वच्छ ऐकू येत असे. हे ठाऊक नव्हतं ते फक्त पडद्याआडच्यांना.

“सूनबाईचा पायगुणच हिरवा! दोनदा घासलं, दोनदा हिरवं चढलं. तिसऱ्यांदा चढलं, तर पालखी सरळ माहेरी,” महाराणी चंद्रप्रभा दरबारी जादूगार धूम्राक्षाला सांगत होत्या.

पडद्याबाहेर नवी सून शाल्मली चिंच कोळत बसली होती. तिनं एक चिंचोका बाजूला काढला. पालखीतून वाजतगाजत आलेलीला तीन महिन्यांत त्याच पालखीतून परत जायचं नव्हतं.

राजवाड्याच्या चौकात या घराण्याचे मूळपुरुष ताम्रसेन महाराज उभे होते. एका जादूगारिणीच्या शापानं ते जागच्या जागी तांब्याचे झाले होते, आणि खजिन्याची किल्ली त्यांच्या उजव्या मुठीत अडकली होती. महाराज लखलखीत झाले की मूठ उघडेल, असं धूम्राक्षाच्या पूर्वजांनी सांगून ठेवलं होतं. म्हणून प्रत्येक नव्या सुनेनं त्यांना तीनदा घासायचं, एरवी दर महिन्याला दासींनी, असा कुळाचार. सात पिढ्यांच्या सुनांनी घासून घासून महाराजांचं नाक सपाट केलं होतं आणि अर्धी मिशी उडवली होती.

शाल्मलीनं पहिल्यांदा मीठ-चिंचेनं घासलं. महाराज झळकले, मूठ मिटलेलीच. दुसऱ्यांदा लिंबू-राखेनं घासलं. तसंच. पण जी घासते तिला अंगप्रत्यंग पाठ होतं. पहिल्या वेळी महाराजांचा डावा हात तलवारीवर होता. दुसऱ्या वेळी तो पोटापुढे आडवा आला होता.

महाराजांच्या मुकुटावर एक साळुंकी बसत असे. शाल्मलीनं हळूच विचारलं, “साळुंकीबाई, हात हलला ना?”

“हलला. दर घासणीला हलतो.”

“थंडी वाजते?”

“थंडी कसली! लाज वाटते बिचाऱ्यांना. जादूगारीण म्हणाली होती, हिरवा शेला टाचेपासून मानेपर्यंत चढेल, त्या दिवशी शाप सुटेल. छातीपर्यंत येतो न येतो, तोच कोणीतरी चिंच घेऊन हजर!”

“मग सांगितलं का नाही कोणाला?”

“सात पिढ्यांत विचारलं कोणी?”

तिसऱ्या घासणीचा दिवस उजाडला. हिरवं छातीपर्यंत आलं होतं. धूम्राक्षानं परातभर चिंच मंतरून दिली आणि बजावलं, “सूनबाई, हिनं दगडसुद्धा चकाकेल.”

शाल्मलीनं मान डोलावली, परात उचलली आणि मुदपाकखान्यात नेली. गूळ घातला, जिऱ्याची फोडणी दिली, आणि सगळ्या दरबाराला सार वाढलं.

धूम्राक्षानं तीन वाट्या ओरपल्या. त्याचं टक्कल असं लखलखलं, की शेजारच्या पंगतीनं डोळ्यांवर हात धरले. महाराणींचं नाक दिव्यासारखं उजळलं. जेवणं जड झाली, सगळे जागच्या जागी लवंडले. तिकडे चौकात हिरवं छातीवरून खांद्यावर आणि खांद्यावरून मानेवर चढलं.

उन्हं कलली तेव्हा कोणीतरी मोठ्यांदा शिंकलं. बघतात तो ताम्रसेन महाराज! अंगावर टाचेपर्यंत हिरवागार शेला, मूठ उघडलेली.

“ही घ्या किल्ली,” महाराज म्हणाले. “आणि चिंच माझ्या नजरेआड करा.”

खजिना उघडला, नगारे झडले, साळुंकीला सोन्याचा पिंजरा देऊ केला, तो तिनं नाकारला. टकलाचा उजेड मात्र उतरेना, म्हणून धूम्राक्षाला देवडीवर दिव्याच्या जागी उभं केलं.

महाराणी नाक पदरानं झाकत म्हणाल्या, “अगंबाई! म्हणजे ते हिरवं...?”

तीन महिन्यांत पहिल्यांदाच शाल्मली सगळ्यांसमोर बोलली.

“शेला होता, आईसाहेब. सात पिढ्या आपण भर चौकात तो ओढत होतो. आणि अजून एक, तुमच्या दालनाचा पडदा फार पातळ आहे.”