तुझ्यासाठी दिलेलं

“म्हणू की नको, एवढंच सांगा बाबा. बाकीचं मला ठाऊक आहे.”

बाकीचं ठाऊक असलेला माणूस भर उन्हात सायकल हाणत गुरूच्या दारात येत नाही, पण हे अनुग्रहला कोण सांगणार? शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. खांद्याला प्रभुभोजनाची छोटी पेटी होती. तिच्यात ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त म्हणून द्यायची भाकर, द्राक्षरसाची बाटली आणि पेला. आजाऱ्याच्या खाटेपाशी जाताना पाळक ती बरोबर नेतो.

थिओफिलबाबा ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसले होते. उभी हयात त्यांनी याच गावच्या ख्रिस्ती मंडळीची पाळकी केली होती. आता ते काम अनुग्रहकडे आलं होतं. उपदेशाचे पहिले धडे त्याला बाबांनीच दिले. मग तो शहरात जाऊन ईश्वरविज्ञान शिकून आला, आणि तेव्हापासून बाबांचे उपदेश त्याला जरा पातळ वाटू लागले.

“काय म्हणायचंय?” बाबांनी विचारलं.

“भाकर देताना म्हणतो ते. ‘हे ख्रिस्ताचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं.’”

“मग म्हण की.”

“आणि ते खोटं असलं तर?”

बाबांनी एक किडकं पान बाजूला टाकलं.

घोडं अडलं होतं ते इथंच. अनुग्रहनं शहरातून एक मत आणलं होतं आणि आल्यापासून तो ते व्यासपीठावरून ठासून सांगत होता. ख्रिस्त सगळ्यांसाठी मेला नाही. देवानं ज्यांना आधीच निवडलं, फक्त त्यांच्यासाठी मेला. सगळ्यांसाठी मेला म्हणावं, तर जे नरकात जातात त्यांच्यापुरतं त्याचं रक्त वाया गेलं असं होतं. देवाच्या पुत्राचं रक्त वाया जाईलच कसं? मंडळीतल्या म्हाताऱ्या माना डोलवायच्या. कळायचं किती ते त्यांनाच माहीत, पण पोरगं शिकून आलंय याचं कौतुक होतं.

आज ते मत त्याच्याच गळ्याशी आलं होतं.

“आजारी कोण आहे?”

“दाजी.”

बाबांचे हात थांबले.

दाजी म्हणजे अनुग्रहच्या बहिणीचा नवरा, यहोशवा. शलोमीअक्काला कळा सुरू झाल्या तेव्हा हा जीप आणायला म्हणून घरातून निघाला आणि वाटेत गुत्त्यावर बसला. जीप आलीच नाही. अक्का आणि बाळ, दोघंही घरातच गेली. त्या दिवसापासून अनुग्रहनं दाजीच्या घराची पायरी चढली नव्हती. आता दारूनं दाजीचं लिव्हर खाल्लं होतं. मिशनच्या दवाखान्यात तो पिवळाधमक होऊन पडला होता आणि डॉक्टर संध्याकाळचाही भरवसा देत नव्हते. सकाळी त्याचा निरोप आला होता. भाकर हवी, आणि ती मेव्हण्याच्याच हातून.

“दुसऱ्या कुणाला पाठव,” बाबा म्हणाले.

“त्याला मीच पाहिजे.”

“शब्द गाळून दे.”

“तेही बजावलंय त्यानं. म्हणाला, ‘त्याला सांगा, शब्द गाळू नको. तेवढ्यासाठीच जीव धरून ठेवलाय.’”

बाबांनी भाजीची जुडी खाली ठेवली.

“मला त्याचा राग नाही, बाबा. प्रश्न सिद्धांताचा आहे. तो निवडलेला आहे की नाही, मला कसं कळणार? ‘तुझ्यासाठी’ म्हणालो आणि नसलाच, तर मरत्या माणसाला मी देवाच्या नावानं फसवलं. नाही म्हणालो आणि असला, तर...”

राग नाही म्हणताना त्याच्या मुठी आवळल्या होत्या. त्याच्या ते गावीही नव्हतं.

“काय करू? लवकर सांगा. ऊन कलायला लागलं.”

बाबा सावकाश उठले. आत गेले. अनुग्रहचा जीव टांगणीला लागला होता आणि म्हातारा स्वयंपाकघरात दुरडी उघडत होता!

ते बाहेर आले तेव्हा हातात सकाळची अर्धी भाकरी होती. तिचा एक तुकडा त्यांनी अनुग्रहच्या हातावर ठेवला. मग स्वतः गुडघे टेकले, आणि चर्चमध्ये मेजापुढं लोक करतात तसा तळहातावर तळहात ठेवून पुढं केला.

“बाबा, ही ज्वारीची भाकरी आहे...”

“असू दे. हे काही मेज नव्हे. नुसतं म्हणून दाखव. मला.”

“हे ख्रिस्ताचं शरीर, तुमच्यासाठी दिलेलं.”

जीभ कुठंच अडखळली नाही.

“माझ्यासाठी? कशावरून?”

“तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी? तुमचं सगळं आयुष्य...”

“माझं आयुष्य तू रविवारचं पाहिलंस.”

बाबांनी तुकडा तोंडात टाकला. गुडघ्यावर हात देऊन उठले. उरलेल्या भाकरीचा आणखी एक तुकडा मोडून त्यांनी अनुग्रहच्या हातावर ठेवला.

“आता तू घे. म्हण आणि घे.”

अनुग्रह तुकड्याकडं बघत राहिला.

“रविवारी मेजावर आधी पाळक घेतो. तू घेतोस. तेव्हा काय म्हणतोस? ‘माझ्यासाठी’ म्हणतोस?”

“मनात म्हणतो.”

“मनात म्हणतोस?”

हे अनुग्रहनं बायकोलाही सांगितलं नव्हतं. कित्येक रविवार तो ती भाकर नुसतीच गिळत आला होता, घाईनं, कुणी बघत नाही असं बघून. व्यासपीठावर इतरांची छाननी करणारा हा माणूस रात्री अंथरुणावर स्वतःची करायचा, आपण निवडलेल्यांतले असल्याची खूण शोधायचा, आणि दर वेळी हात रिकामेच राहायचे. बहिणीच्या नवऱ्याचं मरण ज्याला गोड वाटतं, त्याला देवानं कशाला निवडावं? तो घाबरला होता. दाजीच्या निरोपाच्या कितीतरी आधीपासून घाबरला होता.

“नाही म्हणत,” तो म्हणाला. “म्हणवतच नाही, बाबा. मला माझंच माहीत नाही... मी कुणाला काय देऊ?”

तुकडा मुठीत धरून तो ओट्यावरच बसला.

“तुम्ही तरी सांगा मला. तुमचं मी ऐकेन.”

बाबांनी मान हलवली. नाही.

“मग कोण सांगणार?”

बाबांनी पेटीचा पट्टा त्याच्या खांद्यावर नीट बसवला आणि त्याला उठवून सायकलीकडं वळवलं.

“जा, वेळ घालवू नको. दाजीला शब्द पाठ आहेत... आज आधी तो तुला देईल. तू हात पसर.”