साळुंकीची वाटी

झाडांना अजून मालक नव्हते, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठच्या शाळेत दुपारी पिल्लांना खिचडी मिळायची. तिच्यात डाळ कमी आणि खडेच जास्त.

एक दिवस सगळे पालक शाळेवर चालून गेले. सगळ्यांत मोठा आवाज साळुंकीचा. "गुरुजी, हे तुमच्या पिल्लांना घालाल का?"

मुख्याध्यापक बगळा अजिबात चिडला नाही. "तुमचं बरोबर आहे, बाई. उद्यापासून वाढण्याआधी तुम्हीच चाखा. तुम्ही हो म्हटलंत तरच पंगत बसेल."

पालकांना वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी साळुंकीपुढे वाटी आली. मऊ खिचडी, वर तुपाची धार, कडेला लोणच्याची फोड. "उत्तम!" ती म्हणाली आणि पंगत बसली. महिनाभर असंच चाललं. कुणी तक्रार घेऊन आलंच, तर आता साळुंकीच फटकारायची, "मी स्वतः चाखते! तुमच्याच पोरांचे नखरे फार."

मग एका संध्याकाळी तिचं स्वतःचं पिल्लू पोट धरून घरट्यात पडलं. "आई, आजही खडे होते."

"खोटं बोलू नकोस. मी चाखली होती."

"तुझी वाटी वेगळ्या पातेल्यातून येते, आई. आम्हा सगळ्यांना माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी वाटी संपवताना तिनं शेवटचा घास गिळला नाही. आपल्या पिल्लासाठी तो चोचीत तसाच धरून ठेवला. चोच भरलेली, त्यामुळे तिला 'उत्तम' म्हणता येईना. तिनं नुसती मान डोलावली.

पंगत बसली.