मेण गेलेली मुंगी

एका परसात, शेवग्याच्या बुंध्याशी काळ्या मुंग्यांचं वारूळ होतं. मुंगीच्या अंगावर मेणाचा पातळ लेप असतो. त्यामुळे अंगातलं पाणी उन्हात उडून जात नाही, आणि घराचा वासही त्याच मेणात असतो. नाव-गाव विचारायची भानगड मुंग्यांकडे नाही. दारावरची म्हातारी पहारेकरीण मिशांनी अंग चाचपायची आणि म्हणायची, "आपली," नाहीतर "परकी." परकीला सगळ्या मिळून चावून हाकलत.

एके सकाळी मुंग्यांनी कोषातली पिल्लं उबेला बाहेर आणली होती. तेवढ्यात घरच्या बाईने चुलीतली निवलेली राख तिथेच ओतली. मुंग्या जीव घेऊन पळाल्या, पण एक पिल्लू राखेखाली राहिलं. एक तरुण मुंगी मागे फिरली, राखेत घुसली आणि त्याला ओढत बाहेर घेऊन आली. राखेने तिच्या अंगावरचं मेण मात्र पार शोषून घेतलं. दारापर्यंत येईतो बिचारीच्या घशाला कोरड पडली, पाय लटपटू लागले.

म्हातारीने तिला चाचपलं. घराचा वास औषधालाही नव्हता.

"परकी," ती म्हणाली.

"आजी, मी इथलीच. राखेत गेले होते."

"सगळ्या असंच काहीतरी सांगतात. आणि हे पिल्लू? कोषाच्या आतून आमचाच वास येतोय."

"चोरलंय तिने," म्हणत मागच्या मुंग्या चावायला धावल्या.

तरुण मुंगीने पिल्लू पुढे सरकवलं. "मला नका घेऊ. याला तेवढं सावलीत न्या," एवढं बोलून ती तिथेच बसली.

म्हातारी थबकली. जन्मभर तिने आपल्या मिशांवरच भरवसा ठेवला होता, आणि मिशा अजूनही परकीच म्हणत होत्या.

"थांबा गं," ती म्हणाली. "चोर पिल्लू घेऊन दारातून पळतो. ही तर दारात घेऊन आलीय."

मग तिने त्या मुंगीचं अंग चाटायला सुरुवात केली. आपल्या अंगावरचं मेण ती तिला लावत होती. तिला स्वतःला तहान लागली, तरी ती थांबली नाही. ते पाहून चावायला आलेल्याही ओशाळल्या आणि चाटू लागल्या. ऊन उतरलं तेव्हा ती मुंगी उठून पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दाणा घेऊन परतली. म्हातारीने नेहमीसारखं तिला चाचपलं, तर स्वतःच्याच अंगाचा वास आला.

"आपली," म्हातारी म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

तात्पर्य: ओळख पटत नसेल तर समोरच्याने काय केलं ते पाहावं, आणि आपल्यासाठी ज्याची ओळख पुसली गेली, त्याला ती आपणच परत द्यावी.